बोदाला प्रोब लावला तेव्हा

गेल्या ऑक्टोबर छाटणीला गावी गेलो होतो, सकाळी सकाळी बागेत गेलो तर तात्या ड्रिपरखाली गुडघ्यावर बसून खुरप्यानं बोद, म्हणजे वेलीच्या ओळीचा मातीचा उंचवटा, उकरत होते. द्राक्षबागायतदार असाल तर ते काय शोधत होते हे सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. वेलीची जुनी मुळं असतात तपकिरी, लाकडासारखी, ती वेलीला धरून ठेवतात आणि साठा करतात. पाणी आणि खत ओढायचं मुख्य काम मात्र टोकाकडची नवीन मुळी करते, शेवयांसारखी, पांढरीशुभ्र. ती दिसली की बागायतदाराचा जीव भांड्यात पडतो आणि नाही दिसली की तो ह्युमिक सोडतो, अजून काय काय सोडतो, दुकानदाराचं भलं होतं. आमच्या तासगाव भागात दोन बागायतदार रस्त्यात भेटले तर तब्येतपाण्याच्या आधी "मुळी चालू हाय का?" असं विचारतात, मी अजिबात अतिशयोक्ती करत नाहीये.

तर तात्यांनी वीतभर उकरलं, दोन-तीन पांढऱ्या मुळ्या दिसल्या, त्यातली एक खुरप्यानं तुटलीच होती. ती हातात धरून माझ्याकडं बघत म्हणाले, "आरं, तुझं ते मशीन लोखंडातली चीर न फोडता दाखवतं न्हवं? मग माझी मुळी न उकरता दाखीव की."

आता माझं काम सांगतो. मी भोसरीत अल्ट्रासॉनिक टेस्टिंग करतो. जाड प्लेटांची वेल्डिंग झाली की वरून प्रोब फिरवायचा, आत आवाज सोडायचा आणि कुठं चीर, पोकळी, स्लॅग (म्हणजे वेल्डिंगची मळी) राहिलाय का ते परत आलेल्या एकोवरून सांगायचं. वेल्ड न कापता. अठरा वर्षं हेच करतोय. त्यामुळं तात्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटला आणि थोडी लाजही वाटली, की एवढ्या वर्षांत हे आपल्या डोक्यात का आलं नाही. मी लगेच म्हणलं, "दिवाळीला येताना आणतो तात्या." इथंच चुकलं.

शॉपमधला एक जुना सेट पडून होता, कॅलिब्रेशनची मुदत संपलेला, साहेबांना विचारून तो घेऊन गेलो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी बागेत अख्खं घर गोळा, पुतण्यांसाठी तर सर्कसच. प्रोब आणि स्टीलमधे हवा राहू नये म्हणून आम्ही ग्रीस नाहीतर जेल लावतो, त्याला कपलंट म्हणतात, इथं मी शहाणपणा करून पातळ चिखल केला, बोदावर लावला, त्यावर प्रोब दाबला. स्क्रीनवर सुरुवातीचा पल्स, आणि पुढं सपाट रेघ. गेन, म्हणजे परत आलेला एको किती मोठा करून दाखवायचा ते, वाढवला. सपाट. अजून वाढवला, फुल केला, तेव्हा खालून बारीक बारीक खुंट उगवल्यासारखा नॉइज आला. त्याला आमच्या धंद्यात ग्रासच म्हणतात. तात्यांनी विचारलं काय दिसतंय, मी म्हणलं, "गवत." तात्या म्हणाले, "गवत तर वरनंच दिसतंय की रं."

त्यानंतर उरलेली दिवाळी मला "गवतवाला इंजिनियर" म्हणून काढावी लागली. (मी इंजिनियर नाही, डिप्लोमा केलाय, पण गावात तेवढा फरक कोण करतं.)

पुण्याला परत आल्यावर मी हे जरा मनावर घेतलं आणि रात्री जेवण झालं की वाचत बसायला लागलो. जे कळलं ते आपल्याच धंद्याच्या आकड्यात मांडतो, कारण मला तसंच समजलं.

स्टीलमधे आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर पळतो. मी वापरतो तो प्रोब ४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे एका लहरीची लांबी साधारण दीड मिलिमीटर. ढोबळ नियम असा की लहरीच्या निम्म्याहून बारीक गोष्ट आवाजाला दिसतच नाही, लहर तिला वळसा घालून जाते, नदीला पाण्यातली काडी जाणवत नाही तसं. स्टीलमधे हे जमतं कारण स्टील एकजीव असतं, आवाज लांबवर जातो आणि परत येतो.

माती एकजीव नाही हे कुणीही सांगेल, पण किती नाही ते मला माहीत नव्हतं. कोरड्या भुसभुशीत मातीत आवाज हवेपेक्षाही हळू जातो! हवेत ३४० मीटर, आणि सुट्या मातीत कधी कधी शे-दोनशे मीटर. मला पहिल्यांदा हे खरंच वाटलं नाही, म्हणलं घन पदार्थात आवाज जोरात जातो हे शाळेत शिकवलंय की. पण माती हा घन पदार्थ नाहीच मुळात, ती कणांची गर्दी आहे. कण एकमेकांना फक्त टोकाटोकाला टेकलेले, मधे हवा. धक्का एका कणाकडून दुसऱ्याकडं जायचा तो त्या इवल्याशा टोकातून, आणि प्रत्येक ठिकाणी थोडा घासून उष्णता होऊन संपतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात २००२ च्या सुमारास वेगवेगळ्या मातींवर हे मोजलं होतं, त्यांना जमिनीत पुरलेल्या जुन्या वस्तू आवाजानं शोधता येतील का ते बघायचं होतं. त्यांच्या मोजणीत आवाजाचा वेग ८६ ते २६० मीटर आला आणि आवाज विरण्याचं प्रमाण दर सेंटिमीटरला, दर किलोहर्ट्झला ०.१२ ते ०.९६ डेसिबल.

हा आकडा वाचून मी वहीच घेतली. पांढरी मुळी समजा दोन मिलिमीटर जाड. ती दिसायला लहर चार मिलिमीटरची हवी. मातीत वेग २०० मीटर धरला तर फ्रिक्वेन्सी लागते ५० किलोहर्ट्झ. त्यांनी मोजलंय २ ते ६ किलोहर्ट्झला, पण तीच रेघ सरळ पुढं ताणली तर सगळ्यात चांगल्या मातीतसुद्धा दर सेंटिमीटरला ६ डेसिबल, म्हणजे प्रत्येक सेंटिमीटरला आवाज निम्मा. मुळी पंधरा सेंटिमीटर खाली, जाऊन परत यायचं म्हणजे तीस सेंटिमीटर, झाले १८० डेसिबल. माझ्या सेटचा सगळा गेन ११० डेसिबल. आणि हे चांगल्या मातीचं, वाईट मातीत याच्या आठपट. आणि मी शहाणा तिथं ५० किलोहर्ट्झ नाही, ४ मेगाहर्ट्झचा प्रोब लावून बसलो होतो, म्हणजे ऐंशीपट वरची फ्रिक्वेन्सी. चिखलाच्या पहिल्या मिलिमीटरमधेच सगळं संपलं असणार.

बरं मग फ्रिक्वेन्सी कमी करा, एक किलोहर्ट्झ घ्या, आवाज मस्त खाली जाईल, पण लहर वीस सेंटिमीटरची. म्हणजे मुळी काय, मुळ्यांचा गठ्ठासुद्धा तिला दिसायचा नाही. इकडं आड तिकडं विहीर.

मग बायकांच्या पोटातलं बाळ कसं दिसतं? कारण शरीर म्हणजे जवळजवळ पाणीच, मधे हवा नाही, वेग सगळीकडं दीड हजार मीटरच्या आसपास. पण त्याच सोनोग्राफीवाल्याला फुफ्फुसाच्या आतलं दाखवा म्हणलं तर त्याची पंचाईत होते, हवेनं आवाज अडतो. बोद म्हणजे फुफ्फुसच आहे हो. आणि गंमत बघा, तात्या दरवर्षी शेणखत घालून, बोद मोकळा करून, मातीत हवा खेळती ठेवायला जीव काढतात कारण पांढऱ्या मुळीला हवा लागते. जितका बोद मुळीसाठी चांगला तितका तो माझ्या प्रोबसाठी बहिरा. हे तात्यांना फोनवर सांगितलं तर त्यांना फार आनंद झाला, "म्हंजी माझी माती चांगली हाय म्हणून तुझं मशीन चालंना," हेच त्यांनी पुढं गावभर सांगितलं.

पण शास्त्रज्ञ काय गप्प बसलेत का? नाही. मुळांचं प्रकरण त्यांना किती छळतं ते एका जुन्या उदाहरणावरून कळतं. १९३७ साली अमेरिकेत हॉवर्ड डिटमर नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञानं राय या गव्हाच्या भावकीतल्या धान्याचं एकच रोप फूटभर लांब-रुंद आणि जेमतेम दोन फूट खोल खोक्यात चार महिने वाढवलं, मग माती धुऊन काढून मुळं मोजली. १ कोटी ३८ लाख मुळं. सगळी एकापुढं एक ठेवली तर ६२० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून निघालात तर गोव्याला पोचाल. आणि मुळांवरचे केस वेगळे, ते १,४०० कोटी, त्यांची लांबी १०,००० किलोमीटरच्या वर. एका रोपाची ही कथा. अर्थात सगळी हातानं मोजली नाहीत, नमुने घेऊन हिशोब केला, तरी त्या माणसाला माझा दंडवत. मुद्दा असा की धुतल्यावर ते रोप मेलं. पुढच्या आठवड्यात त्याची मुळी किती वाढली असती हे विचारायला जागाच राहिली नाही. आजही मक्याच्या संशोधनात फावड्यानं ठोंब उपटून, धुऊन, फोटो काढून मुळांचे कोन मोजतात, अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातल्या लोकांनी त्याला चक्क शॉव्हलॉमिक्स असं भारी नाव दिलंय. म्हणजे तात्यांचं खुरपं आणि त्यांचं फावडं, फरक इंग्रजीचा.

या उपटाउपटीला पर्याय शोधायला अमेरिकन सरकारच्या एआरपीए-ई या संस्थेनं २०१६ मधे रूट्स नावाचा कार्यक्रम काढला. कुणी जमिनीत वीज सोडून बघतंय, कुणी एक्स-रे, कुणी रडार. आणि आवाजवाले आहेत स्टॅनफर्ड विद्यापीठाचे. त्यांची युक्ती वाचली तेव्हा मी खुर्चीवरून उठून दोन चकरा मारल्या. आपण काय करतो, आवाज वरून खाली पाठवतो आणि परत आणतो, दोन्ही वेळेला माती खाते. ते म्हणतात आवाज वरून पाठवायचाच कशाला, मुळीलाच बोलायला लावू. ते मायक्रोवेव्हचे अगदी छोटे छोटे झटके मातीत सोडतात. मुळीत पाणी जास्त, आजूबाजूच्या मातीत कमी, त्यामुळं मुळी मातीपेक्षा जराशी जास्त तापते, जराशी म्हणजे अंशाचा बारीकसा तुकडा, हात लावून कळणार नाही इतकी. तापली की फुगते, फुगली की त्या फुगण्याचा धक्का आवाज होऊन वर येतो. तो वर हवेत टांगलेल्या अतिशय नाजूक सेन्सरनं पकडायचा, मातीला हातही लावायचा नाही. याला थर्मोअकूस्टिक म्हणतात. मूळ कल्पना जुनी आहे, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं १८८० मधेच बघितलं होतं की उजेड चालू-बंद करत एखाद्या वस्तूवर टाकला तर ती वस्तू आवाज करते.

यात आवाजाला मातीतून एकदाच जावं लागतं, निम्मं दुखणं कमी. पण मातीतून हवेत येताना तो पुन्हा मार खातो, आणि बोद ओला असेल तर ते पाणी पण तापणार, मग मुळी कुठली आणि ओल कुठली? ड्रिपखालच्या बोदात तर हा घोळ पक्का. प्रयोगशाळेत त्यांनी चित्रं काढून दाखवलीत, तासगावात यायला वेळ आहे.

मला जास्त भावली ती हंगेरीतली पद्धत, कारण ती गरीब माणसाला जमण्यासारखी आहे. फाकोप नावाची कंपनी आहे, लाकडातून आवाज पाठवून झाड पोकळ आहे का बघायची यंत्रं करते, त्यांनी मुळं शोधायचं पण एक यंत्र काढलंय. झाडाच्या बुंध्याला तळाशी एक सेन्सर ठोकायचा. मग झाडाभोवती गोलाकार, थोड्या थोड्या अंतरावर एक लांब लोखंडी खिळा मातीत घालायचा आणि त्यावर हातोडी मारायची. आवाज खिळ्यापासून बुंध्यापर्यंत यायला किती वेळ लागला एवढंच मोजायचं. मातीत वेग अडीचशे-चारशे मीटर, मुळीच्या लाकडात दोन ते चार हजार. जिथं वेळ एकदम कमी येतो तिथं खाली मूळ आहे, कारण आवाजाला हायवे सापडला. मोठ्या शहरात झाडाला तिन्ही बाजूंनी काँक्रीट, कुठल्या बाजूचं मूळ शाबूत आहे आणि पावसाळ्यात झाड कुठं कोसळेल याचा अंदाज घ्यायला हे वापरतात, पुण्या-मुंबईत दर जूनमधे गाड्यांवर झाडं पडतात तिथं हे लागू पडेल असं मला मनापासून वाटतं. इटलीतल्या संशोधकांनी २०२० मधे हे यंत्र तपासून पेपर पण छापलाय. मर्यादा अशी की जाड मुळं कळतात, बोटाएवढी नाही, आणि वरच्या थरातलीच.

हे बघा, इथं चित्र काढायचा हट्टच सोडलाय. लहर किती लांबीची, मुळी किती बारीक, सगळा वादच मिटला. फक्त विचारायचं, किती वाजता पोचलास? आवाजाला हा प्रश्न बरोबर कळतो.

मी हिशोब केला. बुंध्यापासून दीड मीटरवर खिळा, मातीतून २५० मीटरच्या वेगानं आवाज आला तर ६ मिलिसेकंद. मुळातून आला तर, खिळ्यापासून मुळापर्यंतची थोडी माती धरून, दीड-दोन मिलिसेकंद. लॅपटॉपचं साऊंडकार्ड सेकंदाला ४८,००० वेळा मोजतं, म्हणजे एका मिलिसेकंदात ४८ ठिपके. मग त्या महागड्या यंत्राची गरजच काय! एका शनिवारी बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन बझरच्या पितळी पिझो चकत्या (धक्का बसला की वीज देतात त्या) आणल्या, भजी खाण्याएवढ्या पैशात आल्या, दोन वायरी, एक स्टीरिओ पिन, आणि शॉपमधे पडलेल्या एक फुटी सळया टोकदार करून घेतल्या. एक चकती सळईवर, दुसरी बुंध्यावर, डावा-उजवा चॅनल.

जानेवारीत बांधावरच्या चिंचेवर प्रयोग केला. आजोबांच्या आधीची चिंच आहे. भोवती बारा जागी सळई ठोकली, प्रत्येक जागी दहा ठोके. नऊ जागी आवाज निवांत आला, तीन जागी झटकन. मी एवढा खूष की तिथंच तात्यांना हाका मारल्या. तात्या आले, मी चुन्यानं केलेल्या तीन खुणा बघितल्या, आणि पहिल्या दोन खुणांकडं काठी करून म्हणाले, "हितं हाय मूळ, आणि हितं हाय. नांगर अडकतुया दर साली. मला इचारलं असतंस तर च्या पिऊन हुईपर्यंत सांगितलं असतं." तिसऱ्या जागी त्यांना माहीत नव्हतं. उकरलं. बांधाचा जुना दगड निघाला, चांगला पोतंभर. पहिल्या दोन जागी पण मी उकरायला लावलं, वीतभर खाली मनगटाएवढी मुळं, एकदम खुणेखाली. तीनपैकी दोन, शाळेत पास होण्याइतकं झालं. गावात नारळ हातावर उभा करून पाणी दाखवणारे पाणाडी आहेत त्यांच्यापेक्षा माझा हिशोब बरा असं मी म्हणलं तर तात्यांनी विषय बदलला, कारण आमची बोअर तसल्याच पाणाड्यानं दाखवलीय आणि तिला पाणी आहे.

द्राक्षाच्या वेलीवर मात्र हे सपशेल फेल गेलं. डॉगरीजच्या खुंटाला (ज्या जातीच्या मुळावर आमच्या द्राक्षाचं कलम बांधलंय त्याला) चकती लावून चारी बाजूंनी ठोकलं, सगळीकडं सारखाच वेळ. मुळं बारीक आणि बोद पोकळ.

म्हणजे तात्यांची मुळी दिसलीच नाही. पण या नादात एक वेगळीच गोष्ट सापडली. ट्रॅक्टरच्या चाकोरीत दोन सळया दोन मीटर अंतरावर ठोकल्या, लोखंडी पाटीवर घणाचा ठोका दिला, आणि पहिल्या सळईपासून दुसरीपर्यंत धक्का पोचायला किती वेळ लागतो ते बघितलं. मग तेच बोदावर. चाकोरीत वेग आला सुमारे ४०० मीटर, बोदात दीडशेच्या आसपास. ओलीचा पण फरक असणार, हे काही प्रयोगशाळेचं काम नाही, पण अडीचपटीचा फरक म्हणजे डोळे झाकून कळतो. फवारणीचा ब्लोअर आणि ट्रॅक्टर दर हंगामात कितीतरी वेळा त्याच चाकोरीतून जातात, माती दबून विटेसारखी झालीय आणि मुळी तिकडं जातच नाही. एका ओळीत हा घट्टपणा बोदाच्या कडेपर्यंत आत आलेला दिसला, आणि तीच ओळ तात्यांच्या मते "रुसलेली" होती, तिथले घड दरवर्षी बारीक. मुळी दिसत नाही पण मुळीला कुठं जाता येत नाही ते तर कळलं! ब्रिटनमधे अर्थ रोव्हर प्रोग्राम म्हणून एक गट आहे, भूकंपशास्त्रज्ञ तार्ये निसेन-मायर, मातीचे अभ्यासक सायमन जेफरी आणि पत्रकार जॉर्ज मॉनबिओ यांचा, ते हेच मोठ्या प्रमाणावर करतायत, हातोड्याच्या ठोक्यावरून मातीची तब्येत, आणि सेन्सर जितके स्वस्त करता येतील तितके करायचे म्हणजे शेतकऱ्याला परवडतील. त्याला त्यांनी सॉइल्समॉलॉजी असा शब्द काढलाय. माझ्या पितळी चकतीपेक्षा त्यांचं भारी असणार, पण जात एकच.

एवढं झाल्यावर राहिलं ते ऐकणं. म्हणजे आपण ठोकायचंच नाही, गप्प बसून मुळी स्वतः काय आवाज करते ते ऐकायचं. आमच्या धंद्यात याला अकूस्टिक एमिशन म्हणतात, टाकीवर सेन्सर चिकटवून प्रेशर वाढवायचं आणि आत कुठं चीर वाढताना कुरकुरते ते ऐकायचं. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या लोकांनी २०१८ मधे हेच मातीवर केलं, काचेच्या भिंतींच्या पेटीत माती भरून, काही पेट्यांत गांडुळं आणि काहींत मका, आणि पिझो सेन्सर. गांडूळ सरकताना आणि मक्याचं मूळ घुसताना मातीचे कण हलतात, घासतात, त्याचे बारीक टकटक आवाज मिळाले आणि हालचालीबरोबर त्यांची संख्या बदलते हे काचेतून बघून ताडून घेतलं. मुळी ओरडत नाही, माती सरकवताना जो आवाज होतो तो.

तसं वेलीचंही ऐकणारे आहेत. पाणी कमी पडलं की खोडाच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे होऊन टिकटिक होते हे १९६६ मधे मिलबर्न आणि जॉन्सन यांनी एरंडावर ऐकलं होतं. २०२३ मधे तेल अवीवच्या गटानं टोमॅटो आणि तंबाखूची अशी टिकटिक हवेतून पकडली, तहानलेलं रोप तासाला तीस ते पन्नास वेळा, पाणी घातलेलं एखाद्या वेळेलाही जेमतेम. माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, फार वरची फ्रिक्वेन्सी. त्यांनी द्राक्षाच्या वेलीचाही आवाज रेकॉर्ड केलाय, हे तात्यांना सांगितलं तर म्हणाले, "पाणी द्यायचं मला येल न सांगता कळतंय."

आणि ऊसवाल्यांसाठी एक. हुमणी मुळ्या खात असते आणि ऊस पिवळा पडेपर्यंत आपल्याला पत्ता नसतो. अमेरिकन कृषी खात्यातले रिचर्ड मॅनकिन गेली कित्येक वर्षं मातीत खिळा घालून त्याला सेन्सर लावून हुमणीसारख्या अळ्यांचं खाणं आणि सरकणं ऐकतायत. परत खिळाच! कोकणात नारळाच्या खोडाला कान लावून सोंड्या भुंग्याची अळी आत कुरतडतेय का ऐकतात, त्याचाच हा थोरला भाऊ. माझ्या मेव्हण्याचा वाळवा तालुक्यात ऊस आहे, पहिल्या पावसानंतर बाभळी-कडुनिंबावर भुंगे आले की त्याच्याकडं सळई घेऊन जायचा विचार आहे, बघू बायको काय म्हणते.

एप्रिलच्या खरड छाटणीला गेलो तेव्हा तात्यांनी स्वतःच एक काम करून ठेवलं होतं. मी काचेच्या पेटीचं फोनवर सांगितलं होतं, ते त्यांच्या डोक्यात राहिलं. मोडक्या शोकेसची काच काढून बोदाला उभा काप घेऊन त्यात बसवलेली, मागं माती दाबलेली, पुढं पोतं आणि पत्रा झाकलेला, कारण मुळीला उजेड चालत नाही. इंग्लंडात ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्रात साठच्या दशकात अशा काचेच्या खिडक्यांची जमिनीखालची खोलीच बांधली होती, तात्यांनी ती पत्र्याच्या एका तुकड्यात बसवली. तोपर्यंत पंधरा दिवस झाले होते, पोतं सरकवलं तर काचेला चिकटून दोन पांढऱ्या मुळ्या. न उकरता! (एकदा उकरून, असं म्हणा फार तर.)

मी काचेला चकती चिकटवली, छोटा ॲम्प्लिफायर, हेडफोन. दिवसा काही उपयोग नाही, ब्लोअर, मोटर, शेजारच्यांचा स्पीकर, सगळं मातीतून येतं. रात्री अकरानंतर बसलो, मोटर बंद, कुत्री पण झोपलेली. सुरुवातीला नुसती सूंऽऽ. मग अधूनमधून एखादी कुरकुर, मुंगी असेल, काही सांगता येत नाही. हेडफोन तात्यांना दिला. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसले, मी बॅटरीच्या उजेडात बिडीचा धूर बघत होतो. एकदम हात वर केला.

"टिक टिक येतंय बघ. एकसारकं. मुळी चालल्याली हाय."

मी हेडफोन कानाला लावला. टिक. टिक. टिक. अगदी घड्याळासारखं, सेकंदाला एक.

"तात्या, मुळी एवढी तालात चालत नाही. व्हॉल्व्ह नीट बंद झालेला नाही, ड्रिपर गळतोय."

"मग मगाधरनं गप का बसलाईस," म्हणून बॅटरी माझ्या हातातनं घेऊन ते व्हॉल्व्हकडं गेले, आणि मी अंधारात हेडफोन लावून बसलो, ती टिकटिक हळूहळू लांबत जाऊन थांबली तोपर्यंत.